मिठागर, पेज आणि वजनकाटा

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मराठी वाचकाला दोन कारणांनी ठाऊक असते. १९३० च्या मे महिन्यात येथील मिठागरांवर महाराष्ट्रातून आलेल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला, हे पहिले कारण. वि. स. खांडेकर १९२० साली येथील शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले, हे दुसरे. आज आम्ही या गावाकडे तिसऱ्याच वाटेने जाऊ इच्छितो. ती वाट वजन कमी करण्याविषयीच्या समजुतींची आहे.

हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटेल, पण तो तसा नाही. वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिल्या दिवशी जे तीन उपदेश ऐकावे लागतात ते असे: मीठ सोड, भात सोड, रात्रीचे जेवण सोड. त्यांपैकी मीठ हे शिरोड्याचे पीक, भात हे शिरोड्याचे अन्न, आणि रात्रीचे जेवण सुटणे म्हणजे काय हे या किनाऱ्यावरच्या कष्टकरी घरांना कोणी उपदेश करण्याच्या फार आधीपासून माहीत होते. तेव्हा या समजुतींचा इतिहास तपासायचा तर बसायला याहून योग्य जागा सापडणे कठीण.

एक दृश्य आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. गणपतीसाठी मुंबईहून आलेली नात जेवायला बसते आणि ताटातला उकड्या तांदळाचा भात हाताने बाजूला सारते. आजी काही बोलत नाही. वाढलेला भात नाकारला जाण्याचा अर्थ तिच्या लेखी एकच असतो. नात स्थूल आहे असे तिचे तिनेच ठरवले आहे. आजी काटकुळी आहे, म्हणून ती निरोगी आहे असे सर्वांनी ठरवले आहे. काही महिन्यांनी आजीच्या पायाची जखम भरत नाही म्हणून रक्त तपासले जाते आणि साखर भलतीच निघते. "एवढ्या बारीक माणसाला मधुमेह?" असा प्रश्न घरात विचारला जातो. एकाच पंक्तीला बसलेल्या दोन बायकांविषयी एकाच काट्याने दोन चुकीचे निकाल दिलेले असतात.

गैरसमज अज्ञानातून जन्मतात असे आपण धरून चालतो. वजनाच्या बाबतीत आम्हांला ते पुरते पटत नाही. यांतल्या बहुतेक समजुती कोठेतरी, केव्हातरी, कोणाच्या तरी बाबतीत खऱ्या होत्या. त्यांच्या मागची परिस्थिती गेली आणि समजूत तेवढी उरली. म्हणून त्या नुसत्या खोडून काढण्यापेक्षा त्या आल्या कोठून हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

मिठापासून आरंभ करू. १९३० साली मिठाचा प्रश्न हा कमी मिळण्याचा प्रश्न होता. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे मीठ जाते, ते त्याला अन्नातून परत मिळवावे लागते. त्यामुळे मिठावरचा कर सावलीत बसणाऱ्यापेक्षा राबणाऱ्याला अधिक बोचत असे. समुद्र दाराशी असताना त्याच्या पाण्यातून मूठभर मीठ काढणे हा गुन्हा ठरावा, यातला अन्याय शिरोड्याच्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात कर उठला नाही, पण जेथे मीठ नैसर्गिकपणे तयार होते त्या भागातील लोकांना घरखर्चापुरते मीठ गोळा करण्याची व तयार करण्याची मुभा मिळाली.

आता यातला विरोधाभास पाहा. ज्या माणसाने मिठासाठी देश उभा केला त्याने स्वतः दक्षिण आफ्रिकेत असताना मीठ सोडले होते. कस्तुरबांचे दुखणे हटेना, तेव्हा गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह केला. हे तुम्हांलाही जमणार नाही, असे त्या म्हणाल्या. त्यावर गांधीजींनी तेथल्या तेथे वर्षभरासाठी दोन्ही सोडून दिले. हा प्रसंग त्यांनी आत्मकथेत सविस्तर सांगितला आहे. त्यात ते आरोग्याचा मुद्दा मांडतात, परंतु त्यांच्या दृष्टीने मोठा मुद्दा संयमाचा आहे. मीठ सोडणे ही त्यांच्यासाठी इंद्रियनिग्रहाची पायरी होती. एक मीठ गरिबाच्या हक्काचे आणि दुसरे साधकाच्या त्यागाचे, अशी ही दोन निराळी मिठे त्यांच्या मनात शेजारी शेजारी नांदू शकली. आपल्या मनात मात्र त्यांची सरमिसळ झाली. 'अळणी खाणारा तो संयमी, संयमी तो सडपातळ, सडपातळ तो निरोगी' ही साखळी आपण नकळत जोडून टाकली.

ती साखळी खुद्द गांधीजींच्या बाबतीतही टिकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली त्यांच्या आरोग्याच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. १९३९ साली त्यांचे वजन ४६.७ किलो होते. उंचीच्या मानाने ते आजच्या मापदंडांनुसार कमीच भरते. आणि १९४० च्या फेब्रुवारीत त्यांचा रक्तदाब २२० आणि ११० असा नोंदला गेला होता. मिताहारी, रोज मैलोनमैल चालणारा, कृश माणूस, आणि रक्तदाब असा. कृशपणा हे कोणत्याही व्याधीविरुद्धचे कवच नाही, हे सांगायला याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

मीठ सोडल्याने वजन उतरते हे मात्र खरे आहे, आणि गैरसमजाचे मूळ या खरेपणातच आहे. रुग्णालयात शिरेतून जे सलाइन देतात त्यात एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ असते, कारण आपल्या रक्ताचा खारटपणा जवळपास तेवढा असतो. शरीर हे प्रमाण सांभाळते. म्हणून शरीरात नऊ ग्रॅम मीठ अधिक साठले तर ते आपल्यासोबत साधारण एक लिटर पाणी धरून ठेवते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. मीठ एकदम कमी केले की ते पाणी निघून जाते आणि काटा खाली येतो. भात-पोळी तोडल्यावरही असेच घडते. यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा जो राखीव साठा असतो तो दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगून असतो. साठा संपला की पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरल्याचा जो आनंद होतो तो बहुतांशी या पाण्याचा असतो. मिठागराच्या वाफ्यातून पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. येथे पाणी उडून जाते आणि चरबी मागे राहते. पुन्हा जेवू लागताच पाणी परत येते, आणि माणूस समजतो की आपला निग्रह फसला.

म्हणजे मीठ कमी करू नये काय? अवश्य करावे, पण रक्तदाबासाठी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही थोडी कमी आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेली सुकी मासळी खाणारे आपण ती सहज ओलांडतो. त्यासाठी सैंधव वापरणे हा उपाय नव्हे, कारण उपवासाचे म्हणून मिळणारे ते मीठही मुख्यतः तेच रासायनिक मीठ आहे. शिवाय मिठाच्या खड्यावर १९३० नंतर आणखी एक जबाबदारी येऊन पडली. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे दाखवले, आणि २००६ पासून देशभर खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. तेव्हा मिठाचा प्रश्न 'असावे की नसावे' असा नाहीच. किती, कोणते आणि कशासाठी असा आहे.

आता भात. 'भात खाल्ला की माणूस सुटतो' हे वाक्य आज घरोघर ऐकू येते. पण शंभर वर्षांपूर्वी भाताविरुद्धचा आरोप बरोबर उलटा होता. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांचे गट करून त्यांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांचे आहार दिले. शिखांच्या आहारावरचे, म्हणजे गहू, दूध, डाळी आणि भाज्यांवरचे उंदीर सर्वांत वजनदार भरले. त्यांच्यामागे पठाणांच्या आणि तिसऱ्या क्रमांकावर मराठ्यांच्या आहारावरचे. आणि भातप्रधान मद्रासी आहारावरचे सर्वांत किरकोळ. येथे वजन हा सुदृढपणाचा पुरावा होता आणि भात हा खुरटेपणाचा आरोपी. लष्करी जमाती कोणत्या आणि बिनलष्करी कोणत्या हे आधीच ठरवून बसलेल्या राज्यकर्त्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा नव्हता. त्या आहारांत फरक केवळ गहू आणि तांदूळ यांचा नव्हता, दूध, भाज्या आणि डाळींचाही होता, ही गोष्ट लोकांपर्यंत पोचताना गळून गेली. भाताची अप्रतिष्ठा तेवढी राहिली. खुरटवतो म्हणून बदनाम असलेला भात पुढे फुगवतो म्हणून बदनाम झाला. आरोपी तोच, कलम बदलले.

भाताची बाजू लढवणारा माणूस भेटतो तो अनपेक्षित ठिकाणी. वॉल्टर केम्पनर हे जर्मनीतून अमेरिकेत आलेले वैद्य. नॉर्थ कॅरोलायनामधील ड्यूक विद्यापीठात १९३९ पासून त्यांनी अतितीव्र रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना केवळ पांढरा भात, फळे, फळांचा रस आणि साखर असा, जवळजवळ मिठावाचून आहार दिला. ज्या रोग्यांना त्या काळी औषध नव्हते त्यांतील पुष्कळांचा रक्तदाब उतरला. पुढे १९७५ साली त्यांनी अतिस्थूल अशा १०६ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील प्रत्येकाचे वजन निदान ४५ किलोंनी कमी झाले होते. भात आणि साखर खाऊन! हा आहार कोणी घरी करावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. तो रुचीला रटाळ, प्रथिनांत दुबळा आणि सतत वैद्यकीय देखरेखीखाली दिलेला होता. पण 'भाताने वजन वाढतेच' या विधानाला तो एकटा पुरेसे उत्तर आहे. अंगावर चरबी चढते ती एकूण ऊर्जा गरजेपेक्षा अधिक झाल्याने. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात आणि शंभर ग्रॅम कणकेतही जवळजवळ तेवढ्याच. भात सोडून तेवढ्याच पिठाच्या पोळ्या खाणारा, आणि त्यावर तेल-तूप लावणारा, हिशेबात काहीच मिळवत नाही.

आणि भात म्हणजे कोणता भात, हेही विचारले पाहिजे. दक्षिण कोकणात उकडा तांदूळ खाण्याची रीत आहे. भात सालीसकट उकडून मग सडला की सालीजवळची काही जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात, आणि सडल्यावरही ती थोडीफार टिकतात. सडून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी कसा होतो याचा माग ख्रिस्तियान आइकमन यांनी १८९० च्या दशकात जावा बेटावर कोंबड्यांच्या प्रयोगांतून लावला. त्याबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले. उकड्या तांदळाची पेज, सोबत कुळथाची पिठी, कधी भाजलेला बांगडा, असे जेवण ज्यांनी घातले त्यांनी आइकमन वाचला नव्हता. त्यांचा आहार आदर्श होता असेही नाही. त्यात दूध कमी, भाजी ऋतूपुरती, आणि पेजेत पाणीच फार असे. पेज ही गरिबीची युक्तीही होती: मूठभर तांदळात पोट भरल्यासारखे वाटावे यासाठी. आज आहारतज्ज्ञ 'पाणी अधिक आणि ऊर्जा कमी' अशा पदार्थांची शिफारस करतात तेव्हा आम्हांला ती पेज आठवते. पण आठवणीपायी तिला दिव्यान्न ठरवणे हाही एक नवा गैरसमजच ठरेल. नारळाचेही तसेच. 'आमच्या आज्याने आयुष्यभर नारळ खाल्ला, त्याला काय झाले?' हा युक्तिवाद माडावर चढणाऱ्या, नांगर धरणाऱ्या आज्याविषयीचा आहे. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, बहुतेक स्निग्धाच्या. खुर्चीत बसून काम करणाऱ्या नातवाला त्या हिशेबात धराव्याच लागतात.

तिसरी समजूत उपासाची, आणि ती आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना काटकसर करण्यासाठी पाठवले. १८७७ च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी रक्कम इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर राबणारा माणूस जगू शकत नाही म्हणून जाहीर विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, त्यांचा प्रश्न सरकारपुढे मांडला. एका पौंडात ४५४ ग्रॅम; म्हणजे त्या धान्याच्या कॅलरी होतात सुमारे १,६००.

हा आकडा लक्षात ठेवावा. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर बाईंनी आहार आणि कॅलरी यांवर एक पुस्तक लिहिले. ते पुढे अफाट खपले. पहिल्या महायुद्धात अन्न वाचवणे हे देशकार्य होते, आणि अंगावर चरबी बाळगणे म्हणजे जणू साठेबाजी, असा त्यांचा सूर होता. वजन उतरवण्यासाठी त्यांनी सांगितलेला दैनिक आकडा होता १,२००. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले, कारण युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला परत कसे जेवू घालायचे हे शिकायचे होते. त्यांना दिवसाला मिळत होत्या सरासरी १,६०० च्या आतबाहेर कॅलरी. त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. पण नोंदींत वजनाहून अधिक बोलकी आहे ती मनाची अवस्था: सतत गारठा, उदासी, चिडचिड, आणि अहोरात्र अन्नाचाच विचार. ही माणसे पाकपुस्तके वाचत बसत, ताटल्या चाटत. प्रयोग संपल्यावर कित्येक दिवस त्यांची भूक भागेना.

दुष्काळी मजुराच्या, प्रयोगातील स्वयंसेवकाच्या आणि आजच्या आहारपत्रकाच्या आकड्यांत असे साम्य दिसते. तुलनेला मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. दुष्काळी मजूर आधीच खंगलेला आणि खडी फोडणारा; स्वयंसेवक सडपातळ आणि आठवड्याला मैलोनमैल चालणारे; आजची स्थूल, बैठ्या कामाची व्यक्ती बाराशे-पंधराशे कॅलरींवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने काढू शकते आणि तिला त्याचा लाभही होतो. पण एक गोष्ट तिन्ही ठिकाणी समान आहे. उपासमार ऐच्छिक आहे की लादलेली हे शरीराला कळत नाही. ते आपले खर्च आवरते आणि भूक वाढवते. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींनी त्यातले ४१ किलो परत मिळवले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. भारतात २०२५ पासून वजन उतरवण्यासाठी मिळू लागलेली इंजेक्शने भूक दाबतात आणि वजन खरोखर उतरवतात. पण सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला. वजन परत येणे हा चारित्र्याचा दोष असता तर औषध थांबताच तो सर्वांनाच कसा जडला असता? 'मनावर घेतले की होते' हे वाक्य म्हणूनच क्रूर आहे. दुष्काळाशी झुंजत तग धरलेल्या शरीराला ते दुष्काळ विसरण्याची आज्ञा करते.

आपल्या धार्मिक उपवासांचे काय? 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांनी केली त्यांनी साबुदाण्याची खिचडी पुरती ओळखली होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाणे आणि तूप. व्रत म्हणून त्याचे जे मोल असेल ते असो. वजनाच्या हिशेबात तो उपवास नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वेळापत्रकाचा वाद गाजला. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेली दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत एका बाजूला, आणि दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे हा सल्ला दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना ज्यांचे वजन उतरले असे साक्षीदार आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खाण्याचे तास बांधून घेणारे आणि तास न बांधता तेवढ्याच कॅलरी खाणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. २०१८ च्या एका अमेरिकी चाचणीत ६०९ जणांपैकी काहींनी स्निग्ध कमी केले, काहींनी पिष्ट. वर्षाअखेर पहिल्यांचे ५.३ किलो आणि दुसऱ्यांचे ६ किलो उतरले, म्हणजे जवळपास सारखेच. लंडनच्या विल्यम बँटिंग या अंत्यसंस्कार-व्यावसायिकाने १८६३ साली पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वजन उतरवले आणि त्यावर पुस्तिका काढली, तेव्हापासून दर पिढीला एक पद्धत सापडते आणि तीच एकमेव वाटते. जी पद्धत माणसाला कमी खाल्ल्याचा त्रास न होता वर्षानुवर्षे पाळता येते ती त्याच्यापुरती चांगली, एवढेच त्यातून निघते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नयेत.

प्राचीनांकडे गेले तरी त्यांचे म्हणणे नीट ऐकावे लागते. कोमट पाण्यात मध घालून पिणे हा आयुर्वेदाचा सल्ला म्हणून आज सर्वत्र सांगितला जातो. चरकसंहितेत स्थूलतेवर मधाचा प्रयोग सांगितला आहे हे खरे. पण त्याच संहितेत मध उष्ण करून वा उष्णतेबरोबर घेऊ नये असेही बजावले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की चरकाने अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही एकाच प्रकरणात, निंदित देहांच्या यादीत, शेजारी बसवले आहे. दोन्ही टोके आरोग्याला वाईट हा तोल आपण विसरलो.

तो तोल आधुनिक भाषेत परत मांडला तो पुण्यातून. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याचे सूत्र बेल्जियन गणिती केतले याने १८३० च्या दशकात काढले, ते लोकसमूहांच्या सरासरीसाठी. १९७२ साली कीज यांनीच त्याला आजचे नाव दिले आणि आपण त्याला बीएमआय म्हणू लागलो. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही हेच दिसले होते: सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्रज बाळाचे ३.५ किलो; स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपुऱ्या पोषणाचा हा ठसा असावा असे या संशोधकांचे म्हणणे आहे. म्हणूनच आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ पाशी धरतात, आणि म्हणूनच कमरेचा घेर हा नुसत्या वजनापेक्षा अधिक सांगून जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आणि १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आढळल्या. दोन्ही प्रश्न एकाच देशात, अनेकदा एकाच घरात आहेत.

आता त्या पंक्तीकडे परत जाऊ. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहारात माफक बदल केला आणि नियमित चालणे ठेवले त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि त्यांचे वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले. काटा हलला नाही तरी रक्त सुधारले. ज्यांना वजन उतरवणे खरोखर आवश्यक आहे त्यांनाही शरीराच्या पाच ते दहा टक्क्यांची घट रक्तदाब आणि साखर यांवर दिसेल असा परिणाम करते. लग्नातल्या फोटोतले वजन परत मिळवण्याची गरज नसते.

त्या नातीला आम्ही एवढेच सांगू की भाताची एक मूद, त्यावर पिठी, ताटात मासळी आणि भाजी अधिक, तळलेले कमी, आणि जेवणाआधी वा नंतर समुद्रापर्यंत चालत जाणे, यांत तिच्या आहारपत्रकाच्या विरुद्ध असे काही नाही. वाढलेले ताट नाकारून तिला मिळते ते दोन किलो पाण्याचे समाधान. आणि आजीला सांगू की बारीक असणे ही तपासणीतून सूट नव्हे. चाळिशीनंतर साखर आणि रक्तदाब दरवर्षी पाहिले पाहिजेत, अंगावर मांस असो वा नसो. शिरोड्यात १९३० साली लोक मिठाच्या खड्यासाठी लाठ्यांसमोर गेले, कारण काय खावे आणि किती खावे हे परक्या सत्तेने ठरवू नये असे त्यांना वाटले. ते ठरवण्याचा अधिकार मिळून बराच काळ लोटला. आता तो भीतीच्या किंवा लाजेच्या हाती न देता माहितीच्या आधारे वापरणे, एवढे तरी आपण करू शकतो.